आबांच्या गाडीसमोर आबांची गाडी

चोरीच्या गाड्यांवरचा लेख आहे म्हटल्यावर तुम्ही चिवड्याची वाटी जवळ ओढून बसला असाल. आता हायवेवर पाठलाग होणार, टायर किंचाळणार, कोणीतरी पुलावरून तापीत उडी मारणार. चिवडा खा, पण आशा ठेवू नका. या लेखात सगळ्यात जोरात पळालेली वस्तू म्हणजे एक नारळ. मुक्ताईनगरला तो उतारावरून घरंगळत गेला आणि एका शेळीपाशी जाऊन थांबला.

दुसरी अपेक्षा लेखकाबद्दल. दिवाळी अंकात धंद्याचे अनुभव लिहिणारा माणूस निवृत्त असतो, चष्मा पुसत लिहितो, आणि तिसऱ्या परिच्छेदात "ते दिवसच वेगळे होते" म्हणतो. माझे दिवस अजून हेच आहेत. मला लोक नकल्या म्हणतात. शाळेत मी हेडमास्तरांच्या आवाजात वर्गाला सुट्टी दिली होती आणि वर्ग खरंच घरी गेला होता, तेव्हापासूनचं ते नाव. आधार कार्डावर भूषण आहे, पण ते कार्ड कोण बघतं?

धंदा असा. जुनी गाडी घेणाऱ्याबरोबर मी जातो आणि गाडी चोरीची आहे का ते बघतो. इंजिन कसं आहे ते मेकॅनिक सांगतो. गाडी पळते कशी ते घेणाऱ्याचा मेहुणा सांगतो, त्याला विचारलेलं नसताना. मी एवढंच बघतो, की विकणारा जी विकतोय ती त्याची आहे का.

हे मला शिकवलं धुळ्याच्या नानांनी. नाना डेंटिंगवाले, म्हणजे ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करणारे. हायवेला त्यांचं गॅरेज आहे. बोलणं कमी, आणि जे बोलतात ते गाडीशी. माझ्याशी बोलायचं असलं तरी बोनेटकडे बघून बोलतात.

नानांची पद्धत साधी आहे. पहिल्यांदा नंबर सरकारी ॲपवर टाकायचा. गाडीचं मॉडेल, रंग, इंधन, कर्ज, विमा सगळं दिसतं, मालकाचं नाव मात्र अर्धं चांदण्यांनी झाकलेलं दिसतं. लोक इथेच थांबतात. "ॲपवर सगळं बरोबर आहे की!" असणारच. चोर काय ॲप वापरत नाही? तो तुमच्याच रंगाची, तुमच्याच मॉडेलची चालू गाडी रस्त्यावर बघतो आणि तिचा नंबर चोरीच्या गाडीला लावतो. ॲप सांगतं ते खरंच असतं, फक्त ते दुसऱ्या गाडीबद्दल असतं.

म्हणून मग गालिचा उचलायचा. चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कंपनीने ठोकलेला नंबर, पुसायचा, त्यावर पातळ कागद ठेवायचा आणि पेन्सिल घासायची. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून घासायचो तसं. अक्षरांची खोली सारखी आहे का, आजूबाजूचा पत्रा घासून पातळ झालाय का, ते कागदावर उमटतं. मग काचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात ती कधी बनली याची खूण असते. सगळ्या काचा गाडीच्या वयाच्या हव्यात. मग दुसरी चावी मागायची. दुसरी चावी हरवलीय असं म्हणणारे सगळे चोर नसतात, पण चोरांमध्ये दुसरी चावी दाखवणारा मला अजून भेटायचाय. आणि शेवटी, मालकाचं तोंड बघायचं. कागदावर नाव असलेला माणूस समोर बसवून चहा पाजायचा. नाना म्हणतात, "चहा पिताना माणूस जितकं खरं बोलतो तितकं कोर्टातबी नाही बोलत." हे ते एका डिकीला म्हणाले होते.

मी यात माझी एक भर घातली, ती म्हणजे फोन. मालकाला मी माझ्या आवाजात फोन करत नाही. कधी त्याच्या गावचा म्हातारा होतो, कधी चुकून लागलेला केळीचा व्यापारी. माणूस गाफील असला की घरचं बोलतो, आणि घरचं बोलला की गाडी त्याची आहे का ते कळतं. एकदा चाळीसगावकडचे एक मालक मला स्वतःचा मावसभाऊ समजले आणि गाडी कुठे कुठे ठोकलीय ते रडत रडत सांगून बसले. गाडी त्यांचीच होती. व्यवहार मात्र झाला नाही.

गिऱ्हाइकं पण एकेक असतात. पारोळ्याचे एक सर गाडी बघायला मला घेऊन गेले. गाडी लाल, चकाचक. सर तिच्यात बसले, हात आपोआप सीटखाली गेला, सीट मागे केली. म्हणाले, "ही सीट मागे ओढायला आधी उचलावी लागते, हे मला कसं माहीत?" दाराच्या आतल्या बाजूला त्यांच्या मुलीचं नाव कर्कटकाने कोरलेलं निघालं. स्वतःचीच विकलेली पांढरी गाडी सर लाल रंगात परत घ्यायला आले होते. चोरीचा प्रश्न नव्हता. मी म्हटलं, "सर, गाडी उत्तम आहे. आधीचा मालक मला चांगला माणूस वाटतो." सर हसले नाहीत.

आता अक्का.

अक्का जळगावात पिंप्राळ्याच्या, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. हिवाळा लागला की आमच्याकडे भरीत-पुरीच्या पार्ट्या सुरू होतात, आणि अक्कांचं भरीत म्हणजे लोक लग्नाच्या तारखा त्यांना विचारून काढतात. वांगी काट्यांवर भाजायची, बडगीत, म्हणजे लाकडी कुंडीत, कुटायची, आणि मग सगळं रिक्षात घालून शेतात, लॉनवर, जिथे ऑर्डर असेल तिथे न्यायचं. गेल्या मोसमात एक रिक्षा असोद्याच्या रस्त्यावर बंद पडली. लोक पंगतीत बसले, पुऱ्या आल्या, भरीत आलंच नाही. दुसऱ्या रिक्षातून ते पोहोचलं तेव्हा यजमानांनी बाहेरून शेवभाजी मागवली होती. अक्कांना ती शेवभाजी अजून झोपू देत नाही. तेव्हाच त्यांनी ठरवलं, पुढच्या हिवाळ्याआधी स्वतःची गाडी. नवी झेपणार नव्हती, म्हणून जुनी. मागे पातेली मावतील अशी पांढरी व्हॅन.

ती व्हॅन त्यांना धुळ्याला मिळाली. दाखवणारा एजंट गॉगलवाला होता. त्याचं नाव त्याने आम्हाला जे सांगितलं ते नंतर त्याचं निघालं नाही, म्हणून गॉगलवालाच म्हणू. गॉगल मात्र त्याचाच होता. त्याने सांगितलेली गोष्ट अशी: गाडी मुक्ताईनगरकडच्या एका केळीवाल्या आबांची. आबांचा मुलगा पुण्याला, गाडी पडून, म्हणून विकायची. चार वर्षं फक्त घर आणि शेत.

अक्कांनी गाडीवर हात फिरवला आणि मला कळलं की गाडी घेऊन झाली. आता फक्त तपासायची राहिली होती.

ॲपवर सगळं बरोबर. गाडी नानांच्या गॅरेजवर नेली. नानांनी गालिचा उचलला, पेन्सिल घासली, कागद उजेडात धरला आणि बराच वेळ बघितला.

"काय नाना?"

"चांगला शे," नाना कागदाला म्हणाले. "जास्तीच चांगला शे."

म्हणजे काय, तर कंपनीचं यंत्र नंबर ठोकतं तेव्हा एखादं अक्षर जरा खाली बसतं, एखादं जरा तिरकं. इथे प्रत्येक अक्षर शाळेत पहिला नंबर आल्यासारखं उभं होतं. पण पुरावा म्हणावा असं काही नव्हतं. काचा गाडीच्या वयाच्या. दुसरी चावी? "आबांकडं राहिली."

मी मागच्या सीटवर बसलो आणि मला दुसरीच गोष्ट खटकली. सीटला नवंकोरं कव्हर, घट्ट शिवून बसवलेलं. पण खाली गालिचा जुनाच होता, आणि त्यावर केळीचा डाग नव्हता. केळीच्या घडातून चीक गळतो. तो कपड्यावर पडला की काळा होतो आणि कपडा फाटेपर्यंत राहतो. आमच्याकडे केळीवाल्याचा मुलगा नवरदेव झाला तरी त्याच्या शर्टावर डाग शोधून सापडतो. चार वर्षं केळीवाल्याची गाडी, आणि गालिचा असा की त्यावर पोळी वाढावी. उलट सीटच्या पट्टीच्या खाचेत मला लाकडाचं काहीतरी दिसलं. बोटाने काढलं. पेन्सिलीला टोक केल्यावर जी फुलासारखी साल निघते ना, ती. एक नाही, खाच भरून.

"आबांना नातवंडं आहेत का?" मी विचारलं.

"लई," गॉगलवाला म्हणाला.

मालक समोर हवेत, असं मी म्हटलं. तर आबा डोळ्यांच्या ऑपरेशनला पुण्याला. व्हिडिओवर दाखवा. तर आबांना साधा फोनच जमतो. शेवटी त्याने नंबर दिला, मी लावला. तिकडून खोकला आला आणि मग आवाज, "हा भाऊ, गाडी मनी शे. लई टाका. बठ्ठं बराबर शे, काय म्हनस मी?"

म्हणजे गाडी माझीच, घेऊन टाका, सगळं बरोबर आहे. आवाज मजेदार होता. दर वाक्याआधी एक खोकला, दर वाक्यानंतर "काय म्हनस मी". मी तो लगेच पाठ करून टाकला, सवयीने. पण बोली धुळ्याकडची अहिराणी होती. मुक्ताईनगरकडे असं बोलत नाहीत, तिकडे केळीलासुद्धा केयी म्हणतात. अर्थात माणूस कुठूनही येऊन कुठेही शेती करतो, त्याला गाडी ठेवायला मनाई नाही.

बाहेर येऊन मी अक्कांना सांगितलं, "अक्का, सोडा. संशय आहे."

"पुरावा?"

"नाही. पण धंद्यात संशय आला की सोडायचं असतं. उद्या खरा मालक उभा राहिला तर गाडी पोलीस नेतील, पैसे गेले ते गेले, वरून चोरीचा माल घेतला म्हणून तुमचीच चौकशी."

अक्का म्हणाल्या, "संशय मला माझ्या विहिणीवरपण आहे. म्हणून काय पोरगी परत आणू?" आणि त्यांनी इसार देऊन टाकला. मोसम तोंडावर होता आणि पहिली मोठी ऑर्डर घेऊन झाली होती.

दुसऱ्या दिवशी गॉगलवाला व्हॅन घेऊन पिंप्राळ्यात आला, बाकीचा व्यवहार पुरा करायला. अक्का घरातून नारळ, हार, कुंकू घेऊन बाहेर. म्हणाल्या, "आधी मुक्ताई. तिला दाखवल्याशिवाय मी गाडी घरात घेत नाही. बसा."

गॉगलवाल्याचा चेहरा मला आरशात दिसला. मुक्ताईनगर हे त्याने फक्त कागदावर वाचलेलं गाव होतं, तिथे जायचं त्याच्या कुठल्याच योजनेत नव्हतं. पण देवाला नाही कसं म्हणणार? देवाला नको म्हणणाऱ्याकडून अक्कांनी गाडी घेतली नसती. आणि खरं सांगायचं तर तो स्वतः पण भाविक होता. गाडीत बसताना त्याने स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला. चोरीच्या गाडीला नमस्कार चालतो की नाही, यावर मला कुठे काही वाचायला मिळालेलं नाही.

तो चालवत होता, शेजारी अक्का, मागे मी आणि पेन्सिलीच्या साली. भुसावळ गेलं, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू झाल्या. अक्का त्याला भरीत कसं कुटतात ते सांगत होत्या आणि तो मनापासून ऐकत होता. माणूस वाईट नव्हता, धंदा वाईट होता.

देवळाशी गाडी लावली. अक्कांनी बोनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं, चारी चाकांना पाणी घातलं आणि किल्ली मागितली. आमच्याकडे नव्या गाडीची किल्ली मुक्ताईच्या पायाशी ठेवून आणतात. त्याने दिली. अक्का ताटात किल्ली ठेवून आत गेल्या. आत रांग होती.

मला नारळ आणायला पाठवलं होतं, कारण आणलेला नारळ अक्कांना हलवल्यावर कोरडा वाटला. कोपऱ्यावर हार-नारळाचं दुकान, तिथे एक मावशी. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या मागे उभ्या व्हॅनकडे बघत होत्या.

"आबाची गाडी धुतली की काय आज?"

मी विचारलं, "कुठल्या आबांची?"

"हेच काय! नंबर वाच ना. दर एकादशीले केयाचे घड आणते त्या गाडीत. इतकी पांढरी तं ती नवी होती तवाबी नव्हती."

"आबांनी विकली ती. आम्ही घेतली."

मावशींनी नारळ खाली ठेवला. "काई बोलतो बाप्पा? आबा तं सकायी घड टाकून गेला माह्यासमोर. गाडी घेऊन."

खाली ठेवलेला नारळ इथे घरंगळला. तो शेळीपर्यंत जाईस्तोवर माझा विचार करून झाला होता.

गॉगलवाल्याला सरळ विचारलं असतं तर तो म्हणाला असता, मावशीचा गैरसमज आहे, आणि अक्का बाहेर येताच किल्ली घेऊन गेला असता. मी मावशींना म्हटलं, "आबांना बोलवा. म्हणावं, गाडी घेऊनच या." त्यांनी फोन केला. मग मी तोच फोन मागून घेतला, दुकानाच्या मागे गेलो, आणि गॉगलवाल्याचा नंबर लावला. दुकानाच्या फटीतून तो मला दिसत होता, व्हॅनला टेकून.

आधी खोकलो. मग, "हा भाऊ. मी बोली ऱ्हायनू. नवा नंबर शे. काय म्हनस मी?"

गॉगलवाला व्हॅनपासून ताठ झाला, इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "आरे, तू फोन काब्रं करी ऱ्हायना? तू आबा शेस, पुन्यामा शेस, ऑपरेशन शे तुनं! पडी राय ना!"

"मी म्हनू, गाडी गई का?"

"जाई ऱ्हायनी. ती बाई देवळात शे. येडी शे, पन पैसा नगद देस. तू त्या निळी गाडीना नंबर घासाले दिना का नई?"

मी परत खोकलो. इथे नक्कल संपवायला हवी होती. पण नकल्याला टाळ्यांची सवय असते आणि तिथे टाळ्या वाजवायला फक्त शेळी होती. मी विचारलं, "ही पांढरी कोठेनी व्हती रे? इसरी गऊ."

"सुरतनी! तुनं डोकं खराब व्हयनं का?"

फोन ठेवला, मावशींना दिला आणि शेजारच्या पोलीस चौकीत गेलो. तिथे एक हवालदार काका होते, भरदार आवाजाचे. ऐकता ऐकता उभे राहिले, टोपी घातली, म्हणाले, "चला, दर्शन घेऊ."

आम्ही पोहोचलो तेव्हा गॉगलवाला देवळाच्या दाराशी जाऊन अक्कांना हाका मारत होता, "अक्का, किल्ली द्या, गाडी जरा सावलीत घेतो."

आतून अक्का म्हणाल्या, "आरती होऊ द्या. देवापेक्षा तुम्हाला सावलीची घाई?"

आणि तेवढ्यात दुसरी व्हॅन आली. पांढरी, तसलीच. सगळीकडून चिखल, आणि मागच्या दाराला, सीटला, छताला, जिथे बघाल तिथे चिकाचे काळे डाग. ती पुढे येऊन पहिल्या व्हॅनच्या नाकाला नाक लावून थांबली. नंबर एकच. जणू एक गाडी आरशात बघतेय आणि आरशातली आंघोळ करून आलीय.

तिच्यातून आबा उतरले. खरे. समोरच्या गाडीची पाटी त्यांनी वाचली. मग मागे जाऊन मागची पाटी वाचली. मग परत येऊन स्वतःच्या गाडीची पाटी वाचली, न जाणो. मग मोठ्याने ओरडले, "पाह्य! पाह्य! मी नाशिकले गेलोच नव्हतो!"

नंतर कळलं, की कित्येक दिवसांपासून आबांच्या मोबाईलवर नाशिक, मालेगाव, कुठून कुठून दंडाच्या पावत्या येत होत्या, गाडीच्या फोटोसकट. फोटोत नंबर त्यांचाच. आबा घरी शपथा घ्यायचे आणि म्हातारी विचारायची, "नाशिकले कोण आहे तुमचं?" आबांनी चोराकडे नंतर पाहिलं, आधी म्हातारीला व्हिडिओ कॉल लावला आणि दोन्ही गाड्या दाखवत बोलायला सुरुवात केली.

गॉगलवाला पळाला नाही. किल्ली अजून अक्कांकडेच होती. हवालदार काकांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो मला म्हणाला, "फोन तू केला व्हता?" मी खोकलो. त्याने गॉगल काढला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं, जसं आपण चांगल्या कारागिराकडे बघतो. धंद्यातली तेवढी एकच दाद मला मिळाली आहे, आणि ती देणारा नंतर आत गेला.

अक्का आरती घेऊन बाहेर आल्या. हातात किल्ली, कपाळाला बुक्का. दोन गाड्या बघितल्या, हवालदार बघितला, आणि कोणी काही सांगायच्या आत पायरीवर बसल्या. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. किल्ली हवालदार काकांच्या हातात ठेवली आणि मला म्हणाल्या, "रिक्षावाल्याला फोन कर. ऑर्डर आहे."

आता जे राहिलं ते सांगतो.

पोलिसांनी पंचनाम्यात सीटची कव्हरं उसवली. आत जुन्या सीटच्या पाठीवर एक स्टिकर होतं, ससा, आणि त्याच्या पोटावर मोबाईल नंबर. शाळेच्या मुलांना नेणारी व्हॅन. आयांना आठवावा म्हणून व्हॅनवाल्या काकांनी लावलेला नंबर. पेन्सिलींच्या सालींचा हिशेब लागला.

हवालदार काका म्हणाले, "सुरतला कळवू रीतसर. पत्र जाईल."

पत्र जाईल म्हणजे कधी जाईल हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मला वाटलं, आपणच सांगू, बिचारा खूष होईल. चौकीच्या बाहेर येऊन मी नंबर लावला. आणि लावता लावता आवाज आपोआप हवालदार काकांचा आला. समोरच होते ते, ताजा होता आवाज. मी पोलीस आहे असं काही मी म्हटलं नाही. मी एवढंच म्हटलं, भरदार आवाजात, "व्हॅन तुमचीच का? महाराष्ट्रात पकडलीय."

तिकडून एक बारीक आवाज, "साहब, मैंने कुछ नहीं किया," आणि फोन बंद. पुन्हा लावला, बंद. दुसऱ्या दिवशी बंद. मला वाटलं, नेटवर्क.

पत्र गेलं, ते पोहोचलं, कोर्टातून गाडी सुटली. ती न्यायला तो सुरतचा माणूस जळगावला आला. हडकुळा, हसरा, सगळ्यांना वाकून नमस्कार करणारा. अक्कांनी त्याला जेवायलाच बोलावलं. त्या दिवशी धुळ्याहून नानापण आले होते. भरीत, पुरी, कांद्याची पात, ठेचा. तो माणूस पहिल्या घासाला हसला आणि दुसऱ्या घासाला बोलायला लागला.

गाडी चोरीला गेल्यापासून तो दुसऱ्याची रिक्षा भाड्याने चालवून तीच मुलं शाळेत नेत होता. निम्मी मुलं दुसऱ्या व्हॅनवाल्याकडे गेली होती. आणि मग एक दिवस कुठल्यातरी साहेबाचा फोन आला, गाडी पकडलीय म्हणून. त्याला वाटलं, आपल्या गाडीतून चोरांनी दारू नेली, माणूस मारला, काहीतरी केलं, आणि आता ते आपल्यावर येणार. त्याने फोन बंद केला, रिक्षा परत दिली आणि बायकोमुलांना घेऊन सासऱ्याच्या गावी जाऊन लपला. पत्र घरी येऊन पडलं होतं, शेजाऱ्याने वाचून निरोप धाडला तेव्हा कळलं की गाडी सापडलीय. तोवर उरलेली मुलंपण गेली.

"वो साहब की आवाज," तो म्हणाला, "अभी भी नींद में आती है."

मी पुरी मोडत होतो. अक्कांनी माझ्याकडे बघितलं. नानांनी ठेच्याकडे.

"भूषण," अक्का म्हणाल्या. मला भूषण कोणी म्हणत नाही. "तो फोन कोणी केला होता?"

मी सांगितलं.

अक्कांनी हातातला झारा खाली ठेवला. "त्या गॉगलवाल्याशी खोट्या आवाजात बोललास, बरं केलंस. तो माणूसच खोटा होता. याच्याशी कशाला? याला तर खुशखबर द्यायची होती तुला! माझी गाडी गेली, मी एका शब्दाने काही म्हटलं का? गाडी काय, मिळेल दुसरी. याची पोरं गेली ना शाळेची! अरे, चोराने याची गाडी नेली, आणि तू? तू याला घरातून हाकलून दिलंस, एका फोनवर. चोरालाही जमलं नाही ते."

"अक्का, मला वाटलं..."

"वाटलं म्हणे! टाळ्या पाहिजे होत्या तुला. नाना, तुम्ही सांगा ना याला काहीतरी."

नाना ठेच्याला म्हणाले, "अक्कानं बठ्ठं सांगी टाकं."

तो सुरतचा माणूस बिचारा मराठी अर्धंमुर्धंच कळत असूनही मध्ये पडत होता, "जाने दो माँजी, जाने दो." जेवण झालं, त्याने गाडीला नमस्कार केला आणि निघाला. अक्कांनी सोबत भरताचा डबा दिला.

संध्याकाळी अक्कांनी मला परत बोलावून घेतलं. "त्याला फोन लाव. नीट पोहोचला का विचार. मुलांच्या आयांशी मीपण बोलते म्हणावं, हवं तर. आणि तुझ्या स्वतःच्या आवाजात विचार, कळलं?"

मी फोन लावला. रिंग गेली. मी उगाच खाकरलो नाही, काही नाही. तिकडून उचलल्यावर सरळ म्हटलं, "हॅलो, मी भूषण बोलतोय."

अक्कांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. "मेल्या, परत कोणाची नक्कल करतोस? नीट बोल!"